पिंकर्ड आणि पिंकर्ड

वर्गातल्या जोड्या आडनावांच्या क्रमाने लावायच्या, ही लोरीन मॅब्रीबाईंची जुनी सवय. कोणी रुसत नाही, कोणी एकटं पडत नाही. त्यामुळे जॉर्जियातल्या त्या लहानशा कॉलेजात, गुलामगिरी आणि नागरिकत्व शिकवणाऱ्या त्यांच्या वर्गात, रेनेटा पिंकर्ड आणि डॅल्टन पिंकर्ड शेजारी आले. रेनेटा बाईंसारखीच काळी, डॅल्टन गोरा.

“म्हणजे आपण भाऊबंदच की!” डॅल्टन म्हणाला. वर्ग हसला. रेनेटाही हसली.

कोर्समधून नाव काढून घ्यायची मुदत ज्या दिवशी पाचला संपणार होती, त्या दुपारी ती बाईंच्या खोलीत आली.

“मॅडम, पाचच्या आत नाव काढतेय मी. त्यानं माझा साइझ विचारला.”

“कसला साइझ?”

“टी-शर्टचा. जूनमध्ये त्यांच्या घराण्याचा मेळावा आहे. अख्खं डुक्कर भाजणार, फोटो काढणार. त्याची आजी म्हणाली म्हणे, त्या मुलीलाही बोलव, तिच्या घरच्यांनाही. सगळ्यांना हिरवे शर्ट, छातीवर पिंकर्ड.”

“मग तू काय म्हणालीस?”

“मीडियम.”

दोघींना हसू फुटलं. रेनेटाचं आधी थांबलं.

“निघून गेलं तोंडातून. इतका गोड बोलतो ना, नाही म्हणायला जागाच ठेवत नाही. मॅडम, आमचाही मेळावा असतो. आमचे शर्ट जांभळे, त्यांच्यावरही पिंकर्डच. मला वाटायचं, नाव आमचं आहे. आता त्याच्या शेजारी बसलं की वाटतं, मागून आणलंय, आणि तो मोठ्या मनानं म्हणतोय, राहू दे, वापर.”

“गुलामी सुटल्यावरही मालकांची नावं पुष्कळ कारणांनी ठेवली गं आपल्या लोकांनी. विकल्या गेलेल्या लेकरांना आपली माणसं सापडावीत म्हणूनही...”

“ठाऊक आहे. परीक्षेत लिहिलंय मी. पूर्ण मार्क दिलेत तुम्ही.”

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. “हा कोर्स वर्षातून एकदाच असतो, रेनेटा. तुझी पदवी लांबेल. मी बोलते त्याच्याशी. तू बाहेर बाकावर बस जरा.”

निरोप मिळताच डॅल्टन धावत आला. बाईंनी शब्द जपून वापरले, तरी त्याचे कान लाल झाले.

“म्हणजे मी तिला हिणवलं?”

“नाही रे. पण दोन्ही घरांना एकच नाव कसं लागलं, याचा विचार केलास?”

“केला ना! म्हणून तर बोलावलं. काका नको म्हणत होते, मी भांडलो त्यांच्याशी.” आणि तो आडदांड मुलगा हमसून हमसून रडायला लागला. “मी वाईट माणूस आहे का, मॅडम?”

आता याला काय सांगायचं? नाही म्हणावं, तर विषय तिथेच मिटतो. हो म्हणावं, तर ते खोटं. शिवाय काळ्या बाईच्या खोलीतून गोरा मुलगा असा रडत बाहेर पडला, की त्या बाईवर काय काय शेकतं हे बाईंना पुरतं माहीत होतं. त्यांनी टिश्यूचा खोका पुढे केला. पाणी दिलं. पाठीवर हातसुद्धा ठेवला. आईवेगळ्या पोराला समजवावं तसं समजवत बसल्या. तो थांबेचना.

अखेर दार उघडलं तेव्हा बाक रिकामा होता. पाच वाजून गेले होते. कॉम्प्युटरवर वर्गाच्या यादीत एकच पिंकर्ड उरला होता.

डॅल्टननं नाक पुसलं. आता त्याला बरंच हलकं वाटत होतं.

“सोमवारी मी तिची माफी मागतो, मॅडम. सगळ्या वर्गासमोर.”

“हो,” बाई म्हणाल्या, आणि तो जिना उतरेपर्यंत दाराला धरून उभ्या राहिल्या.