गुरुवारी उघडणारं दार

थप.

एका बाईच्या तळहाताचा हा आवाज. मला भिंतीवर टांगलं त्या दिवशी तो पहिल्यांदा ऐकला, आणि नंतर चाळीसएक वर्षं रोज ऐकला. मी स्वयंपाकघरातलं कपाट बोलतोय. बिश्केकमधल्या एका इमारतीत, चौथ्या मजल्यावर, शेगडीच्या वर माझी जागा आहे. मला टांगलं तेव्हा या शहराचं नावही वेगळं होतं.

टांगणारा माणूस इमानाली. तो ट्रॉलीबस चालवायचा, सुतारकाम त्याला येत नव्हतं. म्हणून मी उजवीकडे बोटभर कललो आणि माझं दार कधी धड लागलं नाही. त्याची बायको बुरुल तेव्हा नवी नवरी होती. तिनं दाराच्या खालच्या कोपऱ्यावर तळहात मारला, थप, आणि दार बसलं.

"तुमच्यासारखंच आहे," ती नवऱ्याला म्हणाली. "एक दिल्याशिवाय ऐकत नाही."

दर गुरुवारी संध्याकाळी ती कढई तापवायची आणि सात तोकोच तळायची. तोकोच म्हणजे पिठाच्या लहान गोल भाकऱ्या. त्या खायच्या असतातच, पण तळायच्या त्या वासासाठी. त्या दिवशी घरातली गेलेली माणसं दाराशी येतात, तापल्या तेलाचा वास घेतात आणि आपली आठवण आहे हे बघून समाधानानं परत जातात. बुरुल सासूसाठी तळायची, आईसाठी तळायची, पाळण्यातच गेलेल्या पहिल्या मुलीसाठी तळायची. तो वास माझ्या फळ्यांत मुरला. लाकडाला दुसरं काय येतं? जे मिळेल ते मुरवून घेतं.

सहा हिवाळ्यांपूर्वी बुरुल गेली. मग तिच्यासाठी सून तळू लागली. चोल्पोन तिचं नाव. तिचा नवरा तालान्त रशियात दुसऱ्यांची घरं बांधतो, वर्षातून एकदा येतो. घरात सून आणि सासरा, दोघंच.

पहिल्याच गुरुवारी असं झालं, की तेल तापलं, वाफ माझ्या अंगात शिरली, फळी फुगली आणि दार सुटलं. किर्र करून हळूच उघडलं. थप मारणारी राहिली नव्हती, त्यामुळे ते नुसतं टेकवलेलं होतं. इमानालीनं हातातला चहाचा वाडगा खाली ठेवला. तो दाराकडे बघत अगदी हळू म्हणाला, "आलीस?"

चोल्पोनला तेलाच्या आवाजात ते ऐकू गेलं नाही. मला गेलं.

मला सांगता आलं असतं तर सांगितलं असतं, की बाबा रे, ही ती नव्हे, हा मी आहे. पण मग वाटलं, बरं आहे मला वाचा नाही ते. सहा वर्षं दर गुरुवारी मी उघडत गेलो आणि तो विचारत गेला. भाकऱ्या निवेपर्यंत तो मला कुणाला लावू द्यायचा नाही.

या शरदात तालान्तचा निरोप आला. वसंतात तो येणार, मधली भिंत पाडणार, स्वयंपाकघर सगळं नवं करणार. चोल्पोन भिंतींवरच्या आणि माझ्यावरच्या जुन्या हिरव्या तैलरंगाला कंटाळली होती. ती म्हणाली, मोठं काम होईल तेव्हा होईल, तोवर हा हिवाळा तरी डोळ्यांना बरं वाटू दे. पैसे मोठ्या कामासाठी राखलेले. म्हणून तिनं बाजारातून चिकट कागदाचे उरलेसुरले तुकडे आणले, पांढऱ्यावर करड्या रेघा असलेले. भिंती स्वतः रंगवल्या. मला कागदात गुंडाळलं. कागद कमी पडला, म्हणून माझी भिंतीकडची बाजू अजून हिरवी आहे. उजव्या खिळ्यावर पुठ्ठ्याची घडी सारून तिनं मला सरळ केलं, नव्या बिजागऱ्या बसवल्या आणि आतून एक लोहचुंबक लावला. त्या उघड्या दारावर तिचं डोकं दर गुरुवारी आपटायचं.

इमानालीनं स्टूल धरलं होतं. "दवाखान्यासारखं दिसतंय," तो म्हणाला.

"दवाखान्यात एवढा चहा कोण देतं, बाबा?"

तो हसला. गुरुवार त्याच्या ध्यानात आला नसावा. माझ्या आला होता.

गुरुवारी तेल तापलं. मी जोर केला, चुंबकानं सोडलं नाही. सातही भाकऱ्या झाल्या. इमानाली बसून राहिला, चहावर साय धरली.

"पोरी, तेल नीट तापलं होतं ना?"

"तापलं होतं की. वास जिन्यापर्यंत गेलाय."

"मला रंगाचाच येतोय," तो म्हणाला.

पुढच्या गुरुवारीही तेच. त्यानं भाकरीला हात लावला नाही. बऱ्याच वेळानं, स्वतःशी बोलावं तसं म्हणाला, "तिला घर ओळखू येत नसेल."

चोल्पोन झारा धरून तशीच उभी राहिली. त्याची नजर कुठं आहे ते तिनं बघितलं. तो माझ्या दाराकडे बघत होता.

आजचा गुरुवार तिसरा. दुपारी तो पीठ आणायला खाली गेला, तेव्हा ती स्टुलावर चढली. दोन स्क्रू काढून चुंबक एप्रनच्या खिशात टाकला आणि दार बोटानं हलकेच लावलं. तिला वाटलं, झालं. पण नव्या बिजागऱ्या घट्ट होत्या. कागदामुळं वाफ आत शिरत नव्हती. मी आता कललेलाही नव्हतो. मला उघडणं जमणार नव्हतं, आणि हे तिला सांगणार कोण?

सहा भाकऱ्या झाल्या. मी गच्च बंद. सातवी तेलात पडली आणि दार उघडलं. सताड.

मी उघडलो नाही. एवढंच मी सांगू शकतो.

वसंतात मला उतरवतील, आणि त्याचा मला राग नाही. माझं मागणं इतकंच, की तो दिवस गुरुवार नसावा. कुणी आलं आणि दार सापडलं नाही, असं होऊ नये.

"आलीस?" इमानाली म्हणाला, यावेळी मोठ्यानं. दोघांनी दुआ मागून चेहऱ्यावरून हात फिरवले. मग थाळी काढायला त्यानं माझ्या आत हात घातला आणि त्याचं बोट स्क्रूच्या दोन भोकांवर थांबलं. बराच वेळ तिथंच राहिलं. त्यानं वळून सुनेकडे बघितलं. ती कढईत बघत होती. कढईत काहीच नव्हतं.

त्यानं सातवी भाकरी उचलून तिच्या हातात ठेवली. मग माझ्या दाराच्या खालच्या कोपऱ्यावर तळहात मारला, थप, आणि आपल्या खोलीकडे निघून गेला.