आधी तुमचं होऊ द्या

मंगळवार. रांगेत चौथा.

परभणीच्या शेती संशोधन केंद्रात सीतारामकाका तीस वर्षं रोज सकाळी साडेआठला पावसाचं पाणी मोजत आले. त्यांच्या वह्या आता कॉम्प्युटरात गेल्या होत्या. त्या तिथं नेणारी प्रियदर्शनी मॅडम पालमला माहेरी बाळंत झाली होती. जाताना ती तीन स्क्रिप्ट, म्हणजे मशीननं करायच्या कामाच्या लेखी सूचना, काकांच्या हवाली करून गेली. पहिली पावसाचे आकडे साफ करते. दुसरी त्यावरून ज्वारी कुठल्या गावानं कधी पेरावी ते काढते. तिसरी नकाशा रंगवते. एक संपल्याशिवाय पुढची सुरूच होत नाही.

शेजारच्या खोलीत चाळीस मशीन एकमेकांना जोडलेली. त्याला क्लस्टर म्हणतात. कुणाचं काम कधी लावायचं हे शेड्युलर नावाचा प्रोग्रॅम ठरवतो, माणूस नाही. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत नकाशा पाठवला, तर तो यंदाच्या पेरणीच्या सल्ल्यात. नाही तर जुनाच नकाशा छापणार आणि मॅडमची दोन वर्षांची मेहनत कपाटात.

काकांनी माहितीपुस्तिका दोनदा वाचली. त्यात स्क्रिप्टच्या पाचव्या ओळीबद्दल लिहिलं होतं: काम घाईचे नसल्यास येथे मोठा आकडा लिहावा, म्हणजे इतरांची कामे आधी जातील.

ही सोय काकांना फारच आवडली. आज कुठं शुक्रवार होता? त्यांनी एक हजार लिहिलं.

बुधवार. रांगेत नववा.

"काका, लागलं का?" फोनवर मॅडम. मागं बाळ रडत होतं.

"लागंल की. पोरं हायत पुढं. तुमी पडून ऱ्हावा."

मग काका पडद्याकडं बघत बसले. रांग म्हणजे माणूस पुढं सरकतो, एवढं त्यांना आयुष्यभर ठाऊक. ही उलटी का चालली?

गुरुवार, दुपारी एक. रांगेत सतरावा.

"काका, मला ती स्क्रिप्ट वाचून दाखवा. पहिल्या ओळीपासून."

काकांनी वाचली. पाचव्या ओळीला मॅडमनं त्यांना थांबवलं.

"हे एक हजार कुणी लिहिलं?"

"मीच. पोरांची कामं अडायला नकोत म्हणून."

"काका, जो नवा येईल तो तुमच्या पुढं जायलाय. असं तर दिवाळीपर्यंत नंबर लागत न्हाई. तीन स्क्रिप्टला अठरा तास लागतात. आज संध्याकाळच्या आत सुरू झालं न्हाई तर संपलं सगळं. त्या जागी शून्य करा."

"करतो."

काकांनी बोट त्या आकड्यावर नेलं. आणि परत घेतलं.

गुरुवार, दुपारी दोन. रांगेत सतरावाच.

कारण काका रांगेतल्या माणसांना विचारायला उठून गेले होते.

पहिला धम्मदीप, संशोधन करणारा. त्याची एकट्याची दहा कामं.

"धम्मदीप, तुमचं जरा मागं गेलं तर चालंल का?"

"कोणतं काम, काका?"

"दहा लावलीत की."

"ती व्हय? ती तर चाचणी होती. मी विसरूनबी गेलो." त्यानं तिथंच दहाही काढून टाकली.

दुसरी शीला. तिच्या प्रबंधाचं एकच काम, पण खरं.

"शीलाताई, तुमची हरकत नसंल तर..."

"काका, तुमी मला विचारायलाव? मशीनला सांगा की."

"मशीनला काय, ते सांगंल तसं ऐकतं. तुमी माणूस हाव."

"एसटीतबी असंच करताव न्हव? समद्यांना चढवून देताव. म्हणूनच रोज घरी पेडगावला उभं ऱ्हाऊन जाताव." ती हसली. "जावा. माझं सोमवारपर्यंत झालं तरी चालतंय."

बाकीच्यांना विचारायला गेले असते, पण शीलानं त्यांचा हात धरून खुर्चीत बसवलं आणि स्वतः ते एक हजार खोडून एकच शून्य लिहिलं.

गुरुवार, दुपारी दोन वाजून चाळीस. चालू.

शुक्रवार, सकाळी पावणेनऊ. पूर्ण.

नकाशात जिल्हा हिरव्या-पिवळ्या ठिपक्यांनी भरला होता. काकांनी आधी आपलं पेडगाव शोधलं, मग मॅडमचं पालम. नकाशा पाठवला. पाच मिनिटांनी मॅडमचा फोन आला. ती नुसती रडत होती. बाळ मात्र आज गप्प होतं.

"अवो, जेवा आता काहीतरी," काका म्हणाले.

फोन ठेवून त्यांनी रांग पाहिली. शीलाचं काम अजून थांबलेलं होतं.

त्यांनी आपली खुर्ची उचलली आणि तिच्या टेबलाशी नेऊन ठेवली.

"काका, तुमी बसल्यानं ते लवकर लागत न्हाई."

"ठाऊक हाय," काका म्हणाले, आणि बसले.