चौदा नंबरचा मिक्सर

माझ्या दुकानाची पाटी कुठे गेली असं कुणी विचारलं, की मी समोरच्याच्या हातातली वस्तू बघायला लागतो. "काय झालंय हिला? आवाज करते का?" तीस वर्षं पंखे, इस्त्र्या आणि मिक्सर उघडून मी एवढं नक्की शिकलोय, की माणसाला त्याच्या बिघाडाबद्दल विचारलं की तो तुमचा बिघाड विसरतो.

पाटी पत्र्याची होती, चार फूट लांब. त्यावर मीच लाल रंगाने लिहिलं होतं: 'येथे सर्व वस्तू खात्रीने दुरुस्त होतात. फेकू नका.' त्यातला 'खात्रीने' सगळ्यात मोठा. तो रंगवताना हाताला अजिबात कंप सुटला नव्हता. लाज वाटली असती तर सुटला असता.

तर झालं असं. आमच्या गल्लीत एक मंडळ निघालं, कचरा कमी करण्याचं. मंडळाच्या अध्यक्ष म्हणजे कोपऱ्यावरच्या इमारतीतल्या बाई. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, पण गल्ली अजून त्यांना वर्गच वाटते. एक दिवस त्या खांद्याला कापडी पिशवी लावून दुकानात आल्या.

"रविवारी मेळावा आहे. जुने कपडे द्या-घ्या, घरच्या घरी खत कसं करायचं ते बघा, आणि मोडलेल्या वस्तू दुरुस्त करून न्या. दुरुस्तीच्या टेबलावर तुम्ही बसायचं."

मला राग आला. मला राग यायला फार काही लागत नाही, पण हा खरा राग होता. तीस वर्षं हीच गल्ली माझ्या दारात येऊन नाक मुरडत आली. 'दुरुस्तीला एवढे? थोडे वर घातले तर नवीन येईल की!' वस्तू उघडून, बिघाड शोधून दाखवला की म्हणायचे, 'राहू दे, फेकूनच देतो.' आणि आता तेच लोक मला सांगायला आले, की वस्तू फेकू नये! माशाच्या दारात येऊन पोहण्याचे फायदे सांगा!

हे सगळं मी बोलणार होतो. एवढ्यात बाई म्हणाल्या, "तुमच्यासारखी माणसं म्हणजे या कामातले खरे सैनिक."

झालं. छाती दोन इंच पुढे आली आणि राग मागच्या मागे पळाला. माझ्या रागाची किंमत एवढीच. कुणी जरा गोंजारलं की शेपूट हलवतो.

"येतो," मी म्हणालो.

"आणि आमच्या इमारतीखालच्या त्या खताच्या पिंपाला पत्र्याचं झाकण करून देणार होतात. माश्या घोंगावतायत."

"उद्या देतो."

हा 'उद्या' माझ्या दुकानातला सगळ्यात जुना माल. कितीही दिला तरी संपत नाही.

रविवारी सकाळी बाईंच्या इमारतीखाली गाड्या हलवून टेबलं मांडली होती. एका टेबलावर जुने कपडे, एकावर पुस्तकं, कोपऱ्यात खताचं उघडं पिंप, आणि मधोमध मी. माझ्याशेजारी आमच्या दुकानाला लागून दुकान असलेला चष्मेवाला चष्म्यांच्या काड्या बसवत होता. तो तोंडाचा फाटका आहे. पंधरा वर्षं शेजारी आहे आणि पंधरा वर्षांत एकदाही योग्य वेळी गप्प बसलेला नाही.

बाईंनी माइक घेतला. कचऱ्यावर बोलल्या, पाण्यावर बोलल्या, मग माझ्याकडे बोट केलं. "माझा मिक्सर मी टाकून देणार होते. अकरा महिन्यांपूर्वी यांनी त्यात नवी मोटर बसवली. आज दगड घातले तरी वाटतो!"

टाळ्या पडल्या. मी उठलो. मला कुणी बोल म्हटलं नव्हतं, पण माइक जवळ होता.

"ऐका," मी म्हणालो, "आज या टेबलावर आलेली एकही वस्तू कचऱ्यात जाणार नाही. जी वस्तू मला चालू करता येणार नाही, तिच्यासाठी मी दुकानाची पाटी उतरवीन!"

आता हे बोलायची काही गरज होती? नव्हती. माणसाने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यावा, पण निदान धोंडा शोधायला थोडा वेळ तरी लावावा.

सुरुवात झोकात झाली. पंखा आला, त्यात फक्त धूळ होती. इस्त्री आली, तिची वायर मुळाशी तुटली होती. एकाचा टेबललॅम्प बंद होता, कारण बल्ब गेला होता. मी तो लॅम्प पूर्ण उघडला, आत बघून दोनदा 'हं' केलं आणि मग बल्ब बदलला. काम सोपं आहे हे गिऱ्हाइकाला कळू द्यायचं नसतं. एकीकडे तोंडाने प्रवचन चालू होतं: "घराघरात माळ्यावर मढी पडलीयत. वस्तू बिघडली की लोक ती नजरेआड करतात. आळस, दुसरं काही नाही!"

तेरा वस्तू झाल्या. लोक गोळा झाले होते. मी ओरडलो, "नंबर चौदा!"

माझी बायको पुढे आली. हातात टोकन, आणि काखेत आमच्या घरचा मिक्सर.

"तू कशाला आलीस?" मी हळू आवाजात म्हणालो.

"नंबर लागला म्हणून." तिने मिक्सर टेबलावर ठेवला. तिचा आवाज हळू नव्हता. "तुमच्या बाकाखालून काढून आणला. किल्ली घरी होती. वर्ष व्हायला आलं, रोज 'उद्या करतो' म्हणता. दुकानात नंबर लागत नाही, म्हटलं इथे तरी लागेल."

"माळ्यावर नाही हो, बाकाखाली पडलं होतं मढं," चष्मेवाला म्हणाला. लोक हसले.

"नाव काय लिहू?" वही घेऊन बसलेल्या बाईंनी विचारलं. मान वहीत होती, त्यामुळे मिक्सर कुणाचा ते त्यांना कळलं नव्हतं.

"लिहा, कारागिराची बायको. बिघाड, कारागीर."

आता मिक्सरचं सांगतो. अकरा-बारा महिन्यांपूर्वी त्याचं बटण गेलं. फक्त बटण. दहा मिनिटांचं काम. मी तो दुकानात नेला. आमच्या धंद्यात एक नियम आहे: गिऱ्हाइकाच्या वस्तूतला पार्ट काढून दुसऱ्याच्या वस्तूला लावायचा नाही. तीस वर्षांत हा नियम मी एकदाही मोडला नाही, याचा मला मोठा गर्व. पण घरचा मिक्सर गिऱ्हाइकाचा कुठे असतो? एकाला घाई होती, त्याला त्यातला कपलर दिला. कपलर म्हणजे भांडं ज्याच्यावर बसतं ती चकती. मग कार्बन गेले, म्हणजे मोटरला वीज पोचवणारे दोन तुकडे. मग खालची रबरी बुडं. दर वेळी मनात म्हटलं, उद्या नवीन आणून टाकू.

आणि बाईंचा मिक्सर आला तेव्हा त्यांच्या मापाची मोटर बाजारात नव्हती. ती माझ्या बाकाखाली होती.

हे सगळं मी विसरलो होतो असं म्हणणार नाही. विसरायला आधी लक्षात ठेवावं लागतं. मिक्सर उचलला तेव्हा तो हाताला रिकाम्या डब्यासारखा लागला, आणि मला खालपासून वरपर्यंत घाम फुटला.

"हलका झालाय ना?" बायको म्हणाली. "मला वाटलं, वर्षभर कुटून कुटून माझ्याच हातात ताकद आलीय."

"आवाज बंद आहे, म्हणजे... वेळ लागेल. हा बाजूला ठेवू, पंधरा नंबर..."

"उघडा की," बाई म्हणाल्या. "लोकांना आतून बघू दे, मोटर कशी असते ते."

"उघडा, उघडा," लोक म्हणाले. तेरा वस्तू उघडून मीच त्यांना ती सवय लावली होती.

मी चार स्क्रू काढले. इतक्या हळू स्क्रू मी आयुष्यात काढलेले नाहीत. बूड उचललं. आत दोन वायरी होत्या, बटण होतं आणि एक मेलेलं झुरळ होतं.

मग चष्मेवाला वाकून बघत म्हणाला, "झुरळच फिरवत होतं वाटतं."

हशा उसळला. हसली नाही ती बायको. ती उजवा खांदा डाव्या हाताने धरून उभी होती. तिला तशी सवय लागली आहे हे मी रोज बघत होतो, पण रोज बघितलेलं कुणाला दिसतं?

"मोटर कुठे आहे?" तिने विचारलं.

तीन कारणं ओठांवर आली. कंपनीने पार्ट बंद केलाय. उंदरांनी वायरी खाल्ल्या. रिवाइंडिंगला पाठवलीय. पण समोर बघितलं तर ही तिन्ही कारणं मी आधी याच लोकांना सांगून चुकलो होतो. पहिल्या रांगेतल्या उंदीरवाल्या आजोबांनी तर तोंड उघडून वाटच बघायला घेतली होती. तेव्हा मी खरं बोललो ते प्रामाणिक आहे म्हणून नाही. नवीन खोटं शिल्लक नव्हतं.

"बाईंच्या मिक्सरात," मी म्हणालो.

"कुणाच्या?" बाईंचा पेन थांबला.

"तुमच्या. नवी म्हणून बसवली ती हीच. नव्याचे पैसे घेतले, ते देतो परत."

"म्हणजे," बायको सावकाश म्हणाली, "मी अकरा महिने खलबत्त्यात कुटतेय, आणि माझी मोटर बाईंच्या ओट्यावर फिरतेय. आणि तुम्ही इथे माइकवर आळशी लोकांना शिव्या देताय."

"अगं, तुला द्यायचीच होती. उद्या..."

"उद्या हा शब्द परत काढलात तर हे बूड डोक्यात घालीन."

बाई उभ्या राहिल्या. चेहरा लाल. "मी आत्ता वर जाऊन मिक्सर आणते. तुम्ही घेऊन जा. मला काय माहीत..."

"तुमचा काय दोष?" बायको म्हणाली. "शिवाय तुम्ही रोज रोज काय वाटता? दोन माणसांचं घर. एक दिवस तुमच्याकडे राहू दे, एक दिवस आमच्याकडे. ने-आण हे करतील. यांना दुसरं काम कुठेय?"

बाईंनी क्षणभर विचार केला. मग डोळे चमकले आणि त्यांनी माइक उचलला. माझ्या चोरीला तिथल्या तिथे 'सामायिक मिक्सर योजना' असं नाव मिळालं. एक वस्तू, दोन घरं, निम्मा कचरा. गल्लीने कसा आदर्श घ्यावा, वगैरे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घालून झुरळ उचललं आणि खताच्या पिंपात टाकलं.

मला वाटलं, सुटलो.

"आणि पाटी?" बायको म्हणाली.

"ते आपलं बोलण्याच्या ओघात..."

"शिडी माझ्याकडे आहे!" चष्मेवाला म्हणाला आणि पळालाच. पंधरा वर्षांपूर्वी मी त्याची शिडी मागितली होती, तेव्हा ती मोडली आहे म्हणाला होता.

मेळावा तसाच्या तसा माझ्या दुकानासमोर आला. मी शिडीवर चढलो. खिळे गंजले होते, निघेनात. खालून सूचना येत होत्या: डावीकडून हलवा, पक्कड घ्या, तेल सोडा. उंदीरवाले आजोबा म्हणाले, "उद्या काढतो म्हणा!" पाटी निघाली तशी मागची भिंत दिसली, तिथला रंग अजून कोरा होता. तीस वर्षं मी त्या पत्र्याखालून मान वर करून आत गेलो होतो.

बायकोने पाटी हातात घेतली, वरपासून खालपर्यंत वाचली आणि काखेत मारून बाईंच्या इमारतीकडे चालू लागली. खताच्या पिंपावर तिने पाटी आडवी ठेवली, अक्षरं वर. दोन्ही बाजूंना पुरून उरली. वर एक वीट ठेवली.

"झाकण उद्या येणार होतं ना? तोवर हे. आमचा मिक्सर स्वतःच्या मोटरवर फिरला, की पाटी परत न्या."

पुढचे तीन आठवडे मी रोज सकाळी मिक्सर काखेत मारून गल्लीतून चाललो. एक दिवस जाताना, एक दिवस येताना. लोक घड्याळ लावत माझ्यावर. "आज कुणाकडे?" असं विचारत. आणि रोज पिंपाशी कुणी ना कुणी माझी 'खात्री' उचलून तिच्याखाली साली टाकत असे.

शेवटी भंगारात मला त्या मापाची मोटर सापडली. धुतली, कार्बन घातले, कपलर, बुडं, सगळं नवं. घरी आणून ओट्यावर ठेवला. बायकोने मिरी घातली, बटण दाबलं. फिरला. तिने झाकण उघडून वास घेतला, चिमटीत पूड चोळून बघितली. खांद्यावरचा हात तिने कधी काढला ते मला कळलं नाही.

"बरा झालाय," ती म्हणाली. "जा, आणा पाटी."

मी धावतच गेलो. पिंपाशी झाडूवाली मावशी खत ढवळत होती.

"मावशी, पाटी न्यायला आलोय."

"झाकण आणलंत?"

"पाटी माझी आहे."

"असेल. पण उघडं ठेवलं की माश्या माझ्या डोक्यावर. झाकण ठेवा, पाटी उचला."

"झाकण उद्या आणतो."

मावशीने पाटी पिंपावर ठेवली आणि वीट चढवली. "मग पाटी पण उद्या न्या."

त्याला आता चार महिने झाले. लोक 'बिनपाटीचं दुकान' विचारत येतात, त्यांना सापडतं. झाकणासाठी लागणारा पत्रा मी त्याच आठवड्यात आणून ठेवलाय, बाकाखाली. पण पत्रा कापायची कात्री अडकते. ती तेवढी दुरुस्त करायची राहिली आहे.