एकाच भुलीत

तीस वर्षांत सर्जननं हजारो पोटं फाडली होती, पण भूल दिल्याशिवाय कुणाला नखही लावलं नव्हतं. त्या मंगळवारी मात्र तो विमा कंपनीच्या ऑफिसात तडक शिरला, तो मुठी आवळूनच.

शिंप्याच्या बायकोला गर्भाशयात गाठी होत्या आणि बेंबीपाशी हर्निया. एकाच भुलीत दोन्ही उरकलं असतं. पण कंपनीचं पत्र आलं, 'एकाच दिवशी केलेल्या दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च मंजूर नाही. पंचेचाळीस दिवसांनी स्वतंत्र अर्ज करावा.' सर्जननं तीनदा लिहिलं, फोनवर घसा कोरडा केला. उत्तर तेच. शिंपी म्हणाला होता, "साहेब, काय ते एकदाच करून टाका. मशीन विकीन मी." सर्जनला त्याची दया आली. "थांबू या हो. दीड महिन्यात काय आभाळ कोसळतंय?"

त्यानं गर्भाशयातल्या गाठी तेवढ्या काढल्या आणि हर्निया तसाच ठेवला. ऑपरेशननंतर एकोणिसाव्या दिवशी हर्नियात आतडं अडकलं, पिळलं गेलं. पोट उघडलं तर हातभर आतडं कोळशासारखं काळं. दोन दिवस ती झुंजली आणि सोमवारी दुपारी गेली.

पत्रावर सही करणारा डॉक्टर सर्जनचाच जुना विद्यार्थी. तो लगबगीनं उठला. "या ना सर, बसा..."

पहिला ठोसा नाकावर बसला. हाड मोडल्याचा तो आवाज सर्जनच्या चांगला ओळखीचा होता. दुसरा जबड्यावर. विद्यार्थी कोलमडला, तसं सर्जननं कॉलर धरून त्याचं डोकं कपाटावर आपटलं, पुन्हा आपटलं. काच फुटली, रक्त दोघांच्या शर्टांवर उडालं.

"काय वाचलंस रे तू? कुठली ओळ वाचलीस?"

"फाइल उघडलीच नव्हती, सर." त्यानं रक्तासोबत एक दात थुंकला. "दिवसाला दीडशे येतात. कॉम्प्युटर नाही म्हणतो, मी सही ठोकतो."

सर्जनचा हात पुन्हा उठला. तेवढ्यात पहारेकऱ्याची काठी मनगटावर बसली आणि हात लुळा पडला.

जामिनावर सुटला तेव्हा फाटकाशी शिंपी उभा होता. सर्जनला वाटलं, आभार मानायला आलाय.

"त्याला बदडलंत म्हणे?"

"हो."

शिंप्यानं खाडकन त्याच्या मुस्काटात ठेवून दिली. चष्मा उडून गटारात गेला. "तो तर तिकडे लांब बसला होता. तुम्ही समोर होता ना? सुरी तुमच्या हातात होती." आणि तिथंच फुटपाथवर बसून तो हमसून हमसून रडला. सर्जन त्याच्या शेजारी टेकला.

विद्यार्थ्यानं कोर्टात फायलींचं खरं सांगितलं. त्याची नोकरी गेली. कंपनीनं पंचेचाळीसचे तीस दिवस केले. सर्जनला सहा महिन्यांची कैद झाली.

"अहो, अपील तरी करा," बायको काकुळतीनं म्हणाली.

"नको," म्हणाला, आणि पिशवी भरायला लागला.