सहा पायांचं पिल्लू

महिपतीला ताप भरला तेव्हा भात घरात आलं होतं आणि बांधावरचं गवत कापायचं चाललं होतं. गागोद्याकडच्या त्या वाडीत त्याच्याआधी दोघं तापाने गेली होती. सगळे म्हणाले, मलेरिया. फवारणीवाले येऊन गटारांवर औषध मारून गेले. पेणच्या डॉक्टरांनी दोनदा रक्त तपासलं. मलेरिया सापडला नाही, तरी गोळ्या त्याच्याच दिल्या. पुढे महिपतीला धाप लागली. मुंबईला नेताना वडखळच्या नाक्यावर, गाडीतच तो गेला.

त्याची थोरली बहीण चंद्रावती रोह्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. दिवसकार्य उरकून ती निघाली, तेव्हा भावजय हौसा भिंतीला टेकून बसली होती.

"ह्यांच्या कमरंला डाग होता, वन्सं," ती म्हणाली. "करगोट्याखाली. विडीनं भाजल्यावानी काळा. दुखत नव्हता. किडा चावला आसंल म्हणून मी चुना लावला."

चंद्रावती पिशवी ठेवून खाली बसली. "डॉक्टरांना दाखवला होतास?"

"त्यात काय दाखवायचं?"

दोन दिवसांनी चंद्रावती कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या सखा शिपायाला घेऊन परत आली आणि चावणारा किडा उंदरांच्या अंगावर सापडेल म्हणून तिने बांधाच्या गवतात उंदरांचे पिंजरे लावले. सापडलेल्या उंदरांच्या कानांत केशरी कण चिकटले होते, तिखटाच्या पुडीसारखे बारीक. ते खरवडून तिने रोह्याला नेले.

सखाने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. वर्षानुवर्षं तो तिचे तास ऐकत आला होता. "सहा पाय हायत, मॅडम. म्हणजे कीटक."

"मिशा दिसतात?"

"नाय."

"डोकं, छाती, पोट वेगवेगळं?"

"नाय. एकच पिशवी हाय."

"मग कीटक नव्हे. हा माइट. कोळ्याच्या गोतातला, गोचिडीचा भाऊबंद. पिल्लाला सहा पाय असतात, पुढे आठ होतात. आणि माणसाला पिल्लूच चावतं. गवतातलं. चावलं तिथे काळा डाग पडतो, मग ताप." तिने चष्मा काढला. "आपण मच्छर मारत बसलो."

दुसऱ्या दिवशी हौसाचा फोन आला. मुलगी सरू तापाने फणफणली होती.

"अंग बघ तिचं," चंद्रावती म्हणाली. "काखा, मांड्या, सगळं."

फोनमधून कपडे सारल्याचा आवाज आला. "गुडघ्यामागं हाय गो," हौसा म्हणाली. वन्सं म्हणायचं ती विसरली होती.

पेणच्या दवाखान्यात चंद्रावतीने डॉक्टरांना सरूचा डाग दाखवला, माइटचा फोटो दाखवला. डॉक्टर बराच वेळ डाग बघत राहिले. मग त्यांनी औषध बदललं. दोन दिवसांत सरूचा ताप उतरला आणि तिने पेज मागितली.

हौसा चंद्रावतीला व्हरांड्यात घेऊन आली. "ही गोळी ह्यांना मिळाली आसती तर?"

सांगता येत नाही, असं म्हणणं सोपं होतं. पण वाडीत अजून चौघं तापाने पडली होती. आज हौसाला गुळमुळीत उत्तर दिलं तर डाग दाखवायलाच हवा, हे वाडीला कधी पटणार नव्हतं.

"वाचला असता बहुतेक," ती म्हणाली.

"मी बघितला होता तो डाग."

"वहिनी, तुला कसं कळणार? डॉक्टरांनाही नाही कळलं."

"त्यांना मी दाखवलाच नाय."

सरूला घरी सोडून हौसा वाडीत दारोदार फिरली. पोरांचे कपडे काढून बघा, म्हाताऱ्यांच्या काखा बघा, म्हणाली. प्रत्येक दारात तिने महिपतीचं सांगितलं, डाग बघूनही आपण तो दाखवला नाही हेही. त्या चौघांतली तिघं वाचली. गुणाजी म्हाताऱ्याला उशिरा नेलं, तो गेला.

नंतर चंद्रावती सरूला बघायला आली. हौसाने पाणी आणून ठेवलं आणि ती आत गेली; व्हरांड्यातल्या त्या बोलण्यानंतर ती वन्संशी बोललीच नव्हती. सरू बोलत होती, शाळेचं, मैत्रिणींचं. आत भांड्यांचा आवाज येत होता. एसटीची वेळ होईपर्यंत चंद्रावती ओटीवर बसून राहिली. आतून हाक आली नाही.