मध्यस्थासह प्रवेश

माझी पदवी नाचाची आहे. त्यातही बसून करायच्या नाचाची. चार वर्षं मी मांडी घालून बसलो, हात हलवले, मान वळवली, आणि शेवटी काळा झगा घालून, उभं राहून प्रमाणपत्र घेतलं. उभं राहण्याचा तेवढाच प्रसंग. लोकांना वाटतं मी थट्टा करतोय. प्रमाणपत्र दाखवलं की वाटतं, विद्यापीठानं थट्टा केली.

तर सुवा शहरातल्या त्याच विद्यापीठात एमबीएला मी तिसऱ्यांदा अर्ज केला. अर्जात ‘पदवीचा विषय’ या रकान्यात चौदा पर्याय होते. वाणिज्य, अभियांत्रिकी, संगणक, मत्स्यव्यवसाय वगैरे. पंधरावा होता ‘इतर’. इतरांसाठी वर्गात एक जागा. पुढच्या वर्षापासून तीसुद्धा बंद होणार, असं फलकावर लावलं होतं. फलक वाचायला मी एकटाच उभा होतो. इतर म्हणजे बहुधा मीच.

एमबीए मला हौस म्हणून नको होतं. सुवात राहणाऱ्या आमच्या गावच्या अकरा बायकांचा मेकेचा, म्हणजे आमच्या पारंपरिक नाचाचा, संच मी चालवतो. हॉटेलांत पाहुण्यांसमोर त्या बसून नाचतात. हॉटेल आणि आमच्यामध्ये एक एजंट आहे, आणि तो काय बोलतो ते आमच्यात कुणालाच कळत नाही. संचातली सगळ्यात वडीलधारी म्हणजे माझी उनाइसी आत्या. ती म्हणते, “एक दिवस हा मेला आपल्याला विकून टाकेल, आणि आपण टाळ्या वाजवत बसू.” एजंटाचा करार संपत आला होता. पुढचा करार थेट आमच्याशी करायला हॉटेल तयार होतं, पण त्यांनी विचारलं, तुमच्यात व्यवस्थापन शिकलेलं कुणी आहे का? शिकत असलेलं असलं तरी चालेल. सगळ्या बायकांनी माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे निदान झगा घातलेला फोटो तरी होता.

मागची दोन वर्षं माझा अर्ज कागदावरच मेला. यंदा मुलाखतीला बोलावलं. आत्या चटई, थर्मास आणि कसाव्याच्या उकडलेल्या कंदांची टोपली घेऊन बरोबर आली.

“आत्या, मुलाखत माझी आहे.”

“तुझीच आहे. नाक घराचं आहे,” ती म्हणाली, आणि तिनं विद्यापीठाच्या बोळात चटई अंथरली.

आत तिघं होते. मधोमध डॉक्टर सालानिएता. कामाच्या ठिकाणी माणसं कशी वागतात हा त्यांचा विषय, सगळ्यांना सक्तीचा, आणि ‘इतर’ची जागा कुणाला द्यायची यात त्यांचाच शब्द शेवटचा. उजवीकडे ब्रिस्बेनहून आठ महिन्यांपूर्वी आलेले प्रोफेसर प्रिचर्ड. डावीकडे कार्यालयाचे रामेंद्र सामी. ते टिपणं घेत होते आणि चेहऱ्यावर काहीही येऊ देत नव्हते.

“बस. आपाकुकी ना? गाव कुठलं?” डॉक्टरांनी विचारलं. हा प्रश्न आमच्याकडे नावाच्या आधी विचारला तरी चालतो.

“कांदावू बेटावरचं नाकोरोलेका.”

त्यांचा चेहरा एकदम खुलला. मी तिथेच सावध व्हायला हवं होतं.

“अगबाई! माझ्या वडिलांचं तेच गाव! मी कधी गेले नाही, माझा जन्म लांबासाचा. कुणाचा रे तू?”

“इलिमेलेकीचा. चर्चच्या मागचं घर.”

“चर्चच्या मागं तर दोन घरं होती म्हणे.”

“पुढचं आमचं. मागचं मोसेसेचं होतं. तो लांबासाला साखर कारखान्यात गेला तो गेलाच, गावात परत आला नाही.”

“आजोबांचं नाव?”

“सेतारेकी.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग खुर्ची खिडकीकडे वळवली आणि बाहेरच्या नारळाकडे बघू लागल्या. मोसेसे त्यांचे वडील. सेतारेकी आणि त्यांचे आजोबा सख्खे भाऊ. म्हणजे आमचे वडील भाऊ लागतात, आणि डॉक्टर सालानिएता माझी बहीण.

आमच्या गावात वयात आलेले बहीणभाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण नसतं. मान असतो, इतका की त्याला तोंडच नसतं. शहरात हे आता फारसं कुणी पाळत नाही, पण आम्ही गाव सोडलेली माणसं. गावात राहणाऱ्यांपेक्षा जास्त पाळतो. ही तर गाव न बघितलेली, म्हणजे सगळ्यात कडक.

मीही मान खाली घातली.

“काय झालं? काही दुखतंय का कुणाला?” प्रिचर्डनी विचारलं.

“नाही सर,” सामी म्हणाले. “हे दोघं बहीणभाऊ निघाले.”

“अरे वा! मग आनंदाची गोष्ट आहे की!”

“आहेच. म्हणूनच आता ते बोलणार नाहीत.”

“पण मग यांना मुलाखतीतून उठावं लागेल ना? नातेवाईक म्हणून?”

“फॉर्मात नात्याचा रकाना चुलत भावापर्यंत आहे. यांचे आजोबा भाऊ. हे रकान्याच्या बाहेर पडतात. निर्णय त्या घेऊ शकतात. प्रश्न विचारू शकत नाहीत.”

“मग करायचं काय?”

सामींनी चष्मा पुसला. “सर, तुम्ही इथं कुणाचेच कुणी लागत नाही.”

आठ महिन्यांत त्यांना हे इतकं स्पष्ट कुणी सांगितलं नसावं. पण प्रिचर्ड मनाचे चांगले. त्यांनी खुर्ची दोघांच्या मधे ओढली.

“प्रोफेसर,” सालानिएता नारळाला म्हणाली, “त्यांना विचारा, व्यवस्थापनच का शिकायचंय?”

“व्यवस्थापनच का शिकायचंय?” प्रिचर्डनी मला विचारलं. मी त्यांच्या बुटांकडे बघत एजंटाची सगळी हकिगत सांगितली.

“तो म्हणतो, त्याला पुरवठा साखळीत खूप रस आहे,” प्रिचर्डनी तिकडे सांगितलं.

“असं तो अजिबात म्हणाला नाही.”

“म्हणजे? तुम्हाला ऐकू येतं?”

“बोलायचं नसतं, प्रोफेसर. कान चालू असतात.”

“मग मी कशाला आहे?”

सामींनी प्रश्न लिहून घेतला.

असे चार प्रश्न झाले. पाचव्याला प्रिचर्ड घड्याळ बघून उठले. साडेदहाचा त्यांचा वर्ग होता, आणि तिथं म्हणे सगळे एकमेकांशी बोलतात. जाताना त्यांनी माझ्याशी हात मिळवला, तिच्याशी मिळवला, आणि मग आपल्याच दोन हातांकडे जरा बघून निघून गेले.

आता उरलो तिघं. सामींनी आधीच सांगून टाकलं, “मी टिपणं घेतोय. बोललो तर मला माझंच बोलणं लिहून घ्यावं लागेल.”

सालानिएतानं थोडा विचार केला आणि कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाकडे वळली.

“आजवरचं तुमचं सगळ्यात मोठं अपयश कुठलं?” तिनं कपाटाला विचारलं.

कपाट गप्प राहिलं, म्हणून मी दाराच्या कडीला उत्तर दिलं, “मागच्या वर्षीचा अर्ज. आणि त्याच्या मागच्या वर्षीचा.”

सामींचं पेन थांबलं. “माफ करा. नियमाप्रमाणे प्रश्न उमेदवाराला विचारलेला असावा लागतो. हा कपाटाला विचारलाय. धरता येणार नाही.”

“मग रद्द करायची का मुलाखत?” ती कपाटालाच म्हणाली.

मी सामींना म्हणालो, “सर, बाहेर बोळात एक बाई चटईवर बसलीय. ती आमची आत्या आहे. दोघांचीही.”

आत्या कमरेत वाकून आत आली, जमिनीवर बसली आणि तिनं पहिल्यांदा सालानिएताकडे निरखून बघितलं.

“मोसेसेची ना गं तू? कपाळ तेच. तोही असाच खिडकीतून बघत बसायचा, काम सांगितलं की. जेवलीस का?”

“आत्या, मुलाखत चाललीय,” मी म्हणालो.

“मुलाखतीत जेवत नाहीत?” आत्यानं कसाव्याचा एक तुकडा तिच्या फायलीवर ठेवला, एक सामींच्या. सामींनी नोंद केली.

मग सालानिएता खरं बोलायला लागली. नारळ नाही, कपाट नाही, सरळ आत्याशी. “आत्या, त्याला सांगा, मी त्याला घेऊ शकत नाही. राग नाही. पण माझा विषय सक्तीचा आहे. दर आठवड्याला प्रत्येकाला उभं करून प्रश्न विचारते, गुण त्यावरच असतात. ज्याच्याशी बोलता येत नाही त्याला दोन वर्षं शिकवू कशी? आणि माणसांशी बोलता न येणारा माणूस व्यवस्थापन कसलं करणार?”

आत्यानं निरोप पुढे दिलाच नाही. ती पदर नसूनही तोंडाला पदर लावल्यासारखी हसली.

“अगं ए शहाणे, अकरा बायका आहेत संचात. त्यातल्या सात याच्या बहिणी लागतात.”

खुर्ची खिडकीकडून थोडी आत वळली.

“सात?”

“मोज हवं तर. तू धरून आठ.”

“त्याला विचारा, मग त्यांना नाच शिकवला कसा?”

“विचारतेय कसा शिकवलास म्हणून. सांग. आणि नीट सांग, लाजू नकोस, लाजायचं वय गेलं.”

मी आत्याच्या गुडघ्याकडे बघून सांगितलं. आमचा लाली, म्हणजे लाकडी ढोल, वाजवणारा तोमासी आहे. तो त्या बायकांचा मामेभाऊ लागतो, आणि मामेभावाला आमच्याकडे वाटेल ते बोलायची मुभा असते. मी तोमासीला हळू सांगायचो, तिसऱ्या कडव्यात हात उशिरा उठतायत. तोमासी ओरडायचा, ‘म्हशींनो, हात आहेत का ओली धुणी?’ बायका त्याला चार शिव्या द्यायच्या आणि हात वेळेवर उचलायच्या. शिव्या त्याला, सुधारणा मला. शाबासकी द्यायची असेल तर ती आत्याकडून जायची. तोमासीनं शाबासकी दिली असती तर कुणी विश्वास ठेवला नसता.

“आणि रजा? तक्रारी? कुणाला संच सोडायचा असेल तर?” सालानिएतानं आत्याला विचारलं.

“चार वर्षांत एकही बाई सोडून गेली नाही,” मीही आत्यालाच म्हणालो.

“एकही नाही? का?”

“सोडायचं तर मला येऊन सांगावं लागतं. ते त्यांना जमत नाही.”

सामींनी हे वाक्य लिहिलं, मग त्याखाली एक रेघ ओढली. मुलाखतभर त्यांनी ओढलेली ती एकच रेघ.

सालानिएतानं कसाव्याचा तुकडा उचलला, खाल्ला, बोटं रुमालाला पुसली. “तीन वर्षं मी इथं कारखान्यांच्या मॅनेजरांना शिकवतेय की कुणाचा निरोप कुणाच्या तोंडून पाठवायचा,” ती आत्याला म्हणाली. “एकालाही नाही समजलं अजून. सगळ्यांची पदवी वाणिज्यची आहे. त्याला सांगा, बाहेर थांब.”

“बाहेर थांब,” आत्या म्हणाली. “मी थांबते आत.”

मी बोळात चटईवर बसलो. बसायची मला सवय आहे, पण ती वीस मिनिटं माझ्या मांड्यांना जड गेली. आतून एकदा आत्याचा मोठ्यानं हसण्याचा आवाज आला, एकदा सामींचा खोकला. आत्या बाहेर आली तेव्हा टोपली रिकामी होती. काय ठरलं विचारलं तर म्हणाली, “ते पत्रानं कळवतात. अशा गोष्टी तोंडी नसतात.”

सहाव्या दिवशी पत्र आलं. लिफाफ्यावर माझं नाव नव्हतं. सालानिएता बहीण म्हणून मला पत्र लिहिणार नाही हे मी धरून चाललो होतो. वाटलं होतं, सामींच्या सहीनं मला येईल.

पत्र असं होतं: ‘श्रीमती उनाइसी यांस, सप्रेम. आपल्या भाच्यास कळवावे की ‘इतर’ या वर्गातील जागेवर त्यास प्रवेश देण्यात येत आहे. सक्तीच्या विषयासाठी उभयपक्षी मान्य असा मध्यस्थ त्याने स्वतः आणावयाचा आहे. मध्यस्थाची हजेरी ऐंशी टक्के असणे आवश्यक. मध्यस्थाने उत्तरे परस्पर देऊ नयेत.’

आत्यानं मला ते दोनदा वाचायला लावलं. मग पत्र माझ्या हातातून घेऊन घडी घातली आणि कमरेला गुंडाळलेल्या सुलूत खोचलं.

“म्हणजे मला घेतलं,” ती म्हणाली.

“आत्या, मला घेतलं. तू बरोबर यायचंस.”

“पत्र कुणाच्या नावाचं आहे?”

दुसऱ्या दिवशी ती मला न सांगता हॉटेलात गेली आणि तिथल्या साहेबाला सांगून आली की करार आमच्याशीच करा, आमच्या संचातले दोघंजण एमबीए करतायत. साहेबानं विचारलं, दुसरा कोण? आत्या म्हणाली, दुसरा माझा भाचा आहे, पण तो फार बोलत नाही.