सख्याचा सल्ला

सगळे घरून काम करायला लागले आणि आमच्या साहेबांना माणसांची गाऱ्हाणी ऐकायला माणूस नकोसा झाला. माणसं सांभाळायचं खातं म्हणजे मी एकटी. माझ्या जागी त्यांनी 'सखा' आणला. काही अडलं तर सख्याला लिहायचं, मशीन उत्तर देणार. "महिनाभर बघू या," साहेब म्हणाले. जमलं तर मला नारळ, हे न सांगता कळलं.

सखा निघाला दिवटा. पोराला ताप आहे, रजा हवी, असं कुणी लिहिलं की म्हणायचा, "अभिनंदन! आपला दिवस आनंदात जावो." कॉम्प्युटरवाल्याची पाचावर धारण बसली. त्यानं साहेबांना पत्ता लागू न देता सगळे प्रश्न माझ्या लॅपटॉपवर वळवले. "ताई, तो शिकेपर्यंत तुम्हीच सखा व्हा ना!" म्हणजे मला घालवायला आणलेल्या मेल्याचं काम मीच करायचं. घ्या!

मी केलं. मी आंघोळीला गेले की सासूबाई करायच्या, एका बोटानं. आमचं दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य, पण त्यांना दुसऱ्यांच्या भानगडी भारी आवडतात. "तू आधी पोराजवळ बस. काम कुठे पळून जातंय?" असं लिहायच्या. लोक खूश. साहेब तर हवेतच. "मशीनला काय माया आहे हो!"

झालं, माझं बिऱ्हाड उठलं.

एका सकाळी ओल्या केसांनी बाहेर आले, तर सासूबाई स्क्रीनसमोरून उठत होत्या. साहेबांनी स्वतः सख्याला विचारलं होतं : "मॅडमना आज काढायचंय. तोंडातून शब्द फुटत नाही. कसं सांगू?"

"तुम्ही काय लिहिलंत?"

"खरं ते लिहिलं," म्हणून त्या भांडी घासायला गेल्या.

तेवढ्यात साहेबांचा फोन. मी स्पीकर लावला.

"मॅडम, तुम्ही आठपर्यंत लोळता?"

"कोण म्हणतं?"

"सखा. म्हणतो, जीभ तिखट, कपाट उघडलं की कपडे अंगावर कोसळतात. 'पण माझा पाय मोडला तेव्हा पोटचा पोरगा फिरकला नाही, हिनं माझं सगळं केलं, कपाळावर आठी न आणता. असं माणूस काढतात होय?' मॅडम, मशीनला पाय असतो का हो?"

सासूबाई पाठ करून चकचकीत पातेलंच पुन्हा घासत होत्या. इतक्या वर्षांत या बाईनं मला कधी 'बरं' म्हटलं नव्हतं. मला रडूच फुटलं.

"असतो साहेब. अजून थोडा लंगडतो."

साहेब हसले. "उद्यापासून सासूसुना दोघी कामावर हजर राहा. पगारही दोघींना."

"मग हिला म्हणावं, आठच्या आत आंघोळ उरकायची," सासूबाई म्हणाल्या.